आधी पीसी तपासा, मग कार्ड निवडा : कमी बजेटमधल्या ग्राफिक्स कार्ड अपग्रेडची पूर्ण पद्धत

ग्राफिक्स कार्ड घेताना बहुतेक जण सुरुवात कार्डापासून करतात. व्हिडिओ पाहतात, दोन कार्डांचे एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ताडून बघतात आणि बजेटमध्ये बसणारं मागवतात. मग कार्ड घरी येतं आणि एकेक गोष्ट उघडी पडते. एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला) हवा तो कनेक्टर नसतो, कॅबिनेटमध्ये कार्ड दोन सेंटिमीटरनं अडतं, किंवा सगळं नीट बसूनही गेम पूर्वीइतकाच अडखळतो. वीज, स्लॉट, प्रोसेसर आणि मॉनिटर या चार गोष्टी तुमच्यापुरतं कोणतं कार्ड योग्य ते आधीच ठरवून टाकतात. म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करू.

समोर धरलेलं उदाहरण सर्वांत जास्त आढळणाऱ्या मशीनचं आहे : २०१८ ते २०२० च्या सुमारास जुळवलेला असेंबल्ड पीसी. त्यात आय५-९४००एफ किंवा रायझन ५ २६००/३६००, ८ किंवा १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय किंवा १६५०, ४५० वॉटचा एसएमपीएस आणि १०८०पी मॉनिटर. शेवटाकडे ब्रँडेड ऑफिस पीसीचाही विचार केला आहे, कारण डेलचा रिफर्बिश्ड ऑप्टिप्लेक्स घेऊन त्यात कार्ड टाकू पाहणारे पुष्कळ आहेत.

कार्ड खरंच कमी पडतंय का?

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर ही दोन्ही फुकट आहेत. ती टाका आणि स्क्रीनवर पाच आकडे दिसतील अशी सोय करा : जीपीयू (कार्डाची मुख्य चिप) वापर, प्रत्येक सीपीयू कोरचा वापर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), रॅम आणि एफपीएस. नेहमीचा गेम वीस मिनिटं खेळा. व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेम लिमिट बंद हवेत, नाहीतर आकडे फसवतात.

जीपीयू वापर सतत ९५ ते ९९ टक्के असेल तर कार्ड कमी पडतंय. तो ५०-६० टक्क्यांवर घुटमळत असेल आणि एखाद-दुसरा सीपीयू कोर पूर्ण भरलेला असेल, तर अडचण प्रोसेसरची आहे. शंका राहिली तर गेमचं रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा. एफपीएस तेवढाच राहिला तर नवं कार्ड घालूनही तो फारसा हलणार नाही. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे गेम प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतात. फक्त तेच खेळणाऱ्यानं ही चाचणी अजिबात टाळू नये.

रॅमही इथेच तपासा. सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये ‘सिंगल’ दिसत असेल, म्हणजे एकच स्टिक असेल, तर त्याच वेगाची दुसरी स्टिक टाका. ८ जीबीवरून १६ जीबीवर गेल्यावर अनेक गेममधले झटके कार्डाला हात न लावता थांबतात.

प्रोसेसर इंटेलच्या सेकंड किंवा थर्ड जनरेशनचा असेल (आय५-२४००, आय७-३७७० वगैरे), तर त्यात एव्हीएक्स-२ सूचनासंच नाही. तो लागणारे गेम अशा मशीनवर कितीही चांगल्या कार्डासह चालू होत नाहीत. अशा मशीनमध्ये मोठी रक्कम घालू नका.

एसएमपीएस : इथे घाई नको

कॅबिनेटचं झाकण काढा आणि एसएमपीएसवरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातल्या वॉटकडे दुर्लक्ष करा, ‘+१२ व्ही’च्या रकान्यातले अँपिअर बघा. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही मुख्यतः याच लाइनवर चालतात. अँपिअरला १२ नं गुणलं की खरी क्षमता कळते. ‘४५० वॉट’ लिहिलेल्या स्वस्त लोकल एसएमपीएसवर +१२ व्ही समोर १८ अँपिअर असतील, तर हिशेब २१६ वॉटचा होतो. चांगल्या कंपनीच्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ३४ ते ३७ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो. दोन्हींच्या खोक्यावर मात्र ४५०च.

आता मागणीचा हिशेब (आरटीएक्स आणि जीटीएक्स म्हणजे एनव्हिडियाची कार्डं, आरएक्स एएमडीची आणि आर्क इंटेलची). आरटीएक्स ४०६० ला सुमारे ११५ वॉट, आरएक्स ६६०० ला १३२, आरटीएक्स ५०६० ला १४५, आरएक्स ७६०० ला १६५ आणि आर्क बी५८० ला १९० वॉट लागतात. आय५-१२४००एफ पूर्ण जोरात ११७ वॉटपर्यंत जातो. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांचे ५० ते ६० धरा. म्हणजे आय५-१२४००एफ आणि आरटीएक्स ४०६० मिळून २९० च्या आसपास. कार्ड क्षणभर या आकड्याच्या वर उसळी मारतं, म्हणून बेरजेवर किमान ४० टक्के मोकळी जागा ठेवा. चांगला ४५० वॉटचा एसएमपीएस इथे पुरतो. नवा घ्यायचाच असेल तर ५५० वॉटचा घ्या, म्हणजे पुढच्या कार्डालाही तो चालेल.

कनेक्टर मोजा. मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. ६ पिनचा कनेक्टर आणखी ७५ आणि ८ पिनचा १५० वॉट देतो. या बजेटमधल्या बहुतेक कार्डांना एक ८ पिन लागतो. एसएमपीएसवर तो ‘६+२’ असा दुभंगलेला असतो आणि त्यावर ‘पीसीआय-ई’ लिहिलेलं असतं. प्रोसेसरचा ४+४ कनेक्टर दिसायला तसाच असतो, पण त्यातल्या धन आणि ऋण तारा उलट्या बाजूला असतात. तो जोर लावून कार्डात बसवला तर कार्ड आणि एसएमपीएस दोन्ही जाऊ शकतात.

साटा किंवा जुन्या मोलेक्स कनेक्टरवरून ८ पिन करून देणारे अडॅप्टर दुकानात सहज मिळतात. घेऊ नका. साटाच्या कनेक्टरची १२ व्होल्टवरची मर्यादा ५४ वॉट आहे. त्यातून १५० वॉट ओढायला गेलं की प्लास्टिक वितळतं. मॉड्युलर एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीच्या केबल त्यात घालू नका. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, आणि केबल बसली म्हणजे ती चालेल असं नाही.

‘८० प्लस’चा शिक्का विजेच्या बचतीबद्दल सांगतो, संरक्षण सर्किटबद्दल नाही. पाच वर्षांहून जुना, वॉरंटी संपलेला स्वस्त एसएमपीएस असेल तर आमचं मत स्पष्ट आहे : कार्डाचं बजेट एक पायरी खाली आणा आणि एसएमपीएस बदला. खराब एसएमपीएस जाताना बोर्ड आणि कार्डही घेऊन जाऊ शकतो.

यूपीएसचाही विचार हवा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच भार पेलतो, आणि त्यावर मॉनिटरही असतो. नवं कार्ड घातल्यावर लाइट गेली की पीसी लगेच बंद पडत असेल किंवा यूपीएस सलग बीप करत असेल, तर कारण हेच. १००० ते ११०० व्हीएचा यूपीएस ६०० वॉटच्या आसपास भार घेतो.

स्लॉट, बायोस आणि जागा

स्वस्त कार्डांमध्ये स्लॉटच्या लेन (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या माहितीच्या वाटा) कमी केलेल्या असतात. आरएक्स ६६००, आरएक्स ७६००, आरटीएक्स ४०६०, ५०५०, ५०६० आणि आर्क बी५८० ही सगळी कार्डं आठच लेन वापरतात. एएमडीचे बी४५० बोर्ड किंवा दहाव्या जनरेशनपर्यंतचे इंटेल प्रोसेसर पीसीआय-ई ३.० वर (या स्लॉटच्या जुन्या, कमी वेगाच्या आवृत्तीवर) चालतात. तिथे ही कार्डं उत्तम चालतात, वेग थोडाच घटतो. व्हीरॅम भरल्यावर मात्र घट एकदम वाढते, कारण मग माहिती त्याच अरुंद वाटेनं रॅममधून आणावी लागते. चार लेनवाल्या आरएक्स ६५०० एक्सटीवर ही अडचण खरोखर नुकसान करते. ४ जीबी मेमरी आणि चार लेन हे जोड पीसीआय-ई ३.० च्या बोर्डावर घेऊच नये.

रायझन ५ ५५०० आणि ५६००जी हे प्रोसेसर बी५५० बोर्डावरसुद्धा कार्डाला पीसीआय-ई ३.०च देतात. रायझन ५ ८५००जी तर कार्डाला चारच लेन देतो. बोर्डाच्या जाहिरातीत हे दिसत नाही, प्रोसेसरच्या माहितीपत्रकात दिसतं.

आर्क कार्ड मनात असेल तर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) हवाच. त्यासाठी इंटेलचा दहाव्या जनरेशनपासूनचा किंवा रायझन ३००० पासूनचा प्रोसेसर, आणि बोर्डाच्या बायोसमध्ये तो पर्याय हवा. तो नसताना आर्कचा वेग खूप पडतो. शिवाय आर्कचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त ओझं टाकतो. बी५८० चे १२ जीबी कितीही मोहात पाडोत, रायझन ५ २६०० च्या जोडीला ते घेऊ नका.

विंडोज-आर दाबून ‘एमएसइन्फो३२’ चालवा आणि ‘बायोस मोड’समोर काय आहे ते बघा. ‘लेगसी’ असेल तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. रिसायझेबल बारसाठी सीएसएम (बायोसमधला जुन्या पद्धतीनं चालू होण्याचा पर्याय) बंद करावा लागतो, आणि तसं केलं की अशी विंडोज चालू होत नाही. विंडोजमध्येच असलेलं एमबीआर-टू-जीपीटी हे साधन डिस्क बदलून देतं. पण आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवा.

मग टेप घ्या. स्लॉटच्या मागच्या पट्टीपासून समोरच्या पंख्यांपर्यंत किती मिलिमीटर जागा आहे ते मोजा, आणि कार्डाची लांबी त्याच्या अधिकृत पानावर बघा. जाडीही बघा. अडीच स्लॉटचं कार्ड खालचे साटा पोर्ट किंवा समोरच्या पॅनेलच्या पिना झाकतं. वर निघणाऱ्या ८ पिन केबलच्या वळणासाठी ३० मिलिमीटर तरी मोकळे हवेत, नाहीतर काचेचं झाकण बसत नाही.

मॉनिटर

मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर १२० एफपीएस देणाऱ्या कार्डाचे निम्मे पैसे दिसतच नाहीत. १०८०पी आणि ६० हर्ट्झसाठी आरएक्स ६६०० च्या आसपासचं कार्ड बहुतेक गेमना हाय सेटिंगवर पुरतं. १४४ हर्ट्झ किंवा १४४०पी असेल तर वरची पायरी हवी. जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर नव्या कार्डांवर तो पोर्ट मिळणार नाही. सर्किट असलेला एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर लागेल. फक्त पिना जोडणारी साधी केबल चालणार नाही.

आता कार्ड

एसएमपीएसवर ८ पिन नाही आणि तो बदलायचाही नाही, असं असेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं रूप हा सर्वांत समजूतदार पर्याय आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं हे कार्ड ७० वॉटमध्ये, म्हणजे फक्त स्लॉटच्या विजेवर चालतं. पण नाव सारखं असलं तरी हे ८ जीबीवालं ३०५० नव्हे. त्यात २५६० ऐवजी २३०४ कोर आहेत आणि मेमरी बस १२८ ऐवजी ९६ बिटची आहे. ८ जीबीवाल्याच्या बेंचमार्कवर विसंबून ६ जीबीवालं घेतलं तर निराशा ठरलेली.

एक ८ पिन आहे, एसएमपीएस चांगला आहे आणि प्रोसेसर आमच्या उदाहरणातला आहे, तर आरएक्स ६६००, आरएक्स ७६००, आरटीएक्स ४०६०, ५०५० आणि ५०६० या रांगेतून निवडा. रायझन ५ २६०० किंवा आय५-९४००एफ सोबत आम्ही आरएक्स ६६०० किंवा ५०५० वर थांबू, कारण त्यापुढचा वेग प्रोसेसरच अडवेल. रायझन ५ ५६००, आय५-१२४००एफ किंवा पुढे असेल तर ५०६० किंवा आरएक्स ९०६० एक्सटीपर्यंत जाणं सार्थकी लागतं. ९०६० एक्सटी पूर्ण सोळा लेन वापरतं आणि १६ जीबीमध्येही मिळतं. चार-पाच वर्षं एकच कार्ड वापरायचं असेल तर त्या १६ जीबीसाठी थांबून पैसे साठवण्यात अर्थ आहे.

८ जीबीबद्दल बरीच घबराट आहे. १०८०पी वर टेक्स्चर ‘अल्ट्रा’ऐवजी ‘हाय’ ठेवलं तर ते आजही चालतं. नवं ४ जीबीचं कार्ड मात्र आता कोणत्याही भावात घेऊ नये.

जीटीएक्स १६६० सुपरसारखी जुनी कार्डं स्वस्तात दिसतात आणि अजून बरी पळतातही. पण त्यांच्यात रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढण्याचं) हार्डवेअर नाही. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम : द डार्क एजेस’ यांना ते लागतंच. सेटिंग कमी करून काम भागत नाही. जीटीएक्स १००० मालिकेला एनव्हिडियाचे नियमित गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात. आरटीएक्स कार्डांचा आणखी एक फायदा म्हणजे डीएलएसएस, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र वाढवून एफपीएस वाढवण्याची सोय. तशीच सोय देणारं एएमडीचं एफएसआर जवळजवळ सगळ्या कार्डांवर चालतं, पण त्याची चौथी आवृत्ती अधिकृतपणे आरएक्स ९००० साठी आली आहे. १०८०पी वर चित्र वाढवून घेताना डीएलएसएसचा दर्जा जुन्या एफएसआरपेक्षा उघडपणे चांगला दिसतो.

जीटी ७१०, जीटी ७३० आणि जीटी १०३० ही ‘ग्राफिक कार्ड’ म्हणून गळ्यात मारली जातात. १०३० ची डीडीआर४ आवृत्ती तर सरळ फसवणूक वाटावी इतकी हळू आहे. मेमरीचा वेग ४८ वरून सुमारे १७ गिगाबाइट प्रतिसेकंदावर येतो आणि खोक्यावर नाव तेच.

भाव सतत हलतात, म्हणून इथे रुपये लिहीत नाही. रीत सांगतो. तुम्ही खेळता त्या तीन गेमचे, तुमच्या रिझोल्यूशनचे सरासरी एफपीएस भरवशाच्या चाचण्यांतून घ्या आणि किंमत भागिले एफपीएस काढा. समजा एक कार्ड २२,००० चं आणि सरासरी ७०, दुसरं ३०,००० चं आणि सरासरी ९०. पहिलं प्रतिफ्रेम ३१४ रुपये, दुसरं ३३३. मग पहिल्यासाठी एसएमपीएस बदलावा लागणार नसेल आणि दुसऱ्यासाठी लागणार असेल, तर ती रक्कमही दुसऱ्यात मिळवा. निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून करा नाहीतर ऑनलाइन, जीएसटीच्या बिलावर कार्डाचा सीरियल नंबर असावा. तो खोक्यावरच्या आणि कार्डावरच्या नंबराशी जुळवा. भारतात वॉरंटी देणारा कोण आणि जवळचं सर्व्हिस सेंटर कुठं, हे पैसे देण्याआधी विचारा. परदेशातून कोणी आणलेल्या कार्डाला इथे वॉरंटी मिळेलच असं नाही.

सेकंडहँड घेताना

इथेरियम या क्रिप्टोचलनाचं ग्राफिक्स कार्डांवर होणारं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला थांबलं आणि त्यानंतर वापरलेली कार्डं बाजारात लोटली. मायनिंगचं प्रत्येक कार्ड वाईट नसतं, पण न तपासता घेऊ नये. विक्रेत्याच्या चालू पीसीवर, समोर बसून तपासा.

पहिल्यांदा जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं साधन) उघडा. नावापुढे ‘फेक’ दिसलं तर उठा : जुन्या चिपवर खोटा बायोस चढवून १०५० टीआय म्हणून विकलेली कार्डं अशीच पकडली जातात. आरएक्स ५८० म्हणून काही दाखवलं तर शेडरची (कार्डातल्या कोरची) संख्या बघा. २३०४ हवी. २०४८ असेल तर ते नावापुरतं ५८० आहे. जीटीएक्स १०६० मध्ये ३ जीबी आणि ६ जीबीच्या कार्डात कोरही वेगळे आहेत, ११५२ आणि १२८०. डिस्प्ले पोर्टच नसलेली पी१०६ कार्डं मायनिंगसाठीच बनवलेली, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

मग फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारं साधन) पंधरा मिनिटं चालवा. तापमान चढून एका जागी स्थिरावलं पाहिजे. ७० ते ८० अंश सेल्सिअस ठीक. चढतच राहिलं किंवा हॉटस्पॉट (चिपचा सर्वांत तापलेला बिंदू) आणि मुख्य तापमानात २५-३० अंशांचा फरक दिसला, तर चिप आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहणारी पेस्ट सुकली असावी. पेस्ट बदलता येते, पण भाव तेवढा कमी करून घ्या. त्यानंतर ओसीसीटीची व्हीरॅम चाचणी चालवा. एकही चूक आली तर व्यवहार मोडा, मेमरी चिप बदलणं परवडत नाही. कोकणपट्टीतल्या कार्डांचे पोर्ट आणि स्क्रू गंजले आहेत का, तेही बॅटरी लावून बघा.

बसवणं

जुनं कार्ड आणि नवं वेगळ्या कंपनीचं असेल तर आधी नवा ड्रायव्हर उतरवून ठेवा. इंटरनेट काढा, सेफ मोडमध्ये डीडीयू चालवून जुना ड्रायव्हर पुसा आणि ‘शटडाउन’ पर्याय निवडा. इंटरनेट चालू राहिलं तर विंडोज मध्येच आपला ड्रायव्हर घुसवते आणि दोघांचा गोंधळ होतो.

एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करा, केबल काढा आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातला स्थिर विद्युतभार उतरवा. घरातल्या सॉकेटला अर्थिंग नसेल आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. असं मशीन कोणत्याही महाग पार्टसाठी सुरक्षित नाही.

जुन्या कार्डाचा स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाची कडी दाबा आणि कार्ड सरळ वर उचला. नवं कार्ड वरच्या लांब स्लॉटमध्ये, कडीचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. स्क्रू घट्ट करा. ८ पिन कनेक्टरचे दोन्ही तुकडे एकत्र धरून पूर्ण आत जाऊ द्या. मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टमध्ये लावा. बोर्डाच्या पोर्टात ती राहिली तर एकतर पडदा काळा राहतो, किंवा पीसी आतल्या ग्राफिक्सवर चालत राहतो आणि ‘कार्ड खराब आलं’ असा गैरसमज होतो.

बसवल्यावर काही बिघडलं तर

पंखे फिरतात पण चित्र नाही : केबल, ८ पिन आणि स्लॉटची कडी याच क्रमानं बघा. मग बायोस अपडेट. गेममध्ये भार आला की पीसी एकदम बंद होऊन पुन्हा चालू होत असेल, तर संशय एसएमपीएसवर घ्या. यूपीएस बाजूला काढून थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवून बघितलं की दोघांपैकी कोण ते कळतं. पडदा काळा पण आवाज चालू : बहुधा ड्रायव्हर, डीडीयू पुन्हा करा. सुरुवातीला छान पण अर्ध्या तासानं झटके : तापमान बघा, आणि व्हीरॅम भरली का तेही.

जीपीयू-झेडमध्ये बस (कार्ड आणि बोर्डाच्या जोडणीची आवृत्ती) ‘१.१’ दिसली म्हणून घाबरू नका. कार्ड रिकामं असताना वीज वाचवायला वेग कमी करतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावरची रेंडर चाचणी चालवली की खरा आकडा दिसतो.

अकोला, नागपूर, चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या पुढे जाते. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८५ टक्के करा. एफपीएस थोडेच पडतात, उष्णता आणि आवाज बराच कमी होतो. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर फ्रेम लिमिटही ६० ठेवा.

ब्रँडेड ऑफिस पीसी

ऑप्टिप्लेक्सच्या छोट्या एसएफएफ मॉडेलमध्ये अर्ध्या उंचीचं कार्डच बसतं आणि ९०२० सारख्या मॉडेलचा एसएमपीएस २५५ वॉटचा असतो. बोर्डाचा कनेक्टरही नेहमीचा २४ पिन नसून डेलचा स्वतःचा ८ पिन असतो, त्यामुळे बाजारातला एसएमपीएस थेट लागत नाही. इथे लो-प्रोफाइल आरटीएक्स ३०५० ६ जीबी किंवा ५३ वॉटचं आरएक्स ६४०० हेच पर्याय उरतात. ६४०० चार लेनचं आहे आणि त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड किंवा स्ट्रीम करण्याचं काम प्रोसेसरवर पडेल. काही ब्रँडेड मशीनचा स्लॉट पूर्ण ७५ वॉट देतच नाही, तेव्हा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये स्लॉटची मर्यादा वाचूनच कार्ड मागवा. टॉवर मॉडेल मिळत असेल तर एसएफएफपेक्षा तेच घ्या. पूर्ण उंचीचं कार्ड बसतं आणि हवाही खेळती राहते.